ब्लॉक हीटर : डिझेल वाहनाचे एक उपकरण आणि त्याची फसवी नावे

कॅनडातील मॅनिटोबा, सस्कॅचवान व अल्बर्टा या सपाट मैदानी प्रांतांत हिवाळ्यात प्रथमच जाणाऱ्या माणसाला एक दृश्य काहीसे चमत्कारिक वाटते. उभ्या असलेल्या मोटारींच्या तोंडाशी, रेडिएटरपुढील जाळीतून, विजेच्या वायरीचा हातभर तुकडा लोंबत असतो आणि त्याच्या टोकाला घरातील इस्त्रीला असतो तसा तीन पायांचा प्लग असतो. वाहनतळावर प्रत्येक जागेपुढे एक खांब व त्यावर सॉकेट बसविलेले असते. या मोटारी विजेवर चालतात असा समज पाहणाऱ्याने करून घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. वस्तुतः त्यांतील बहुतेक पेट्रोलवर वा डिझेलवर चालणाऱ्या असतात. वीज घेतली जाते ती चालण्यासाठी नव्हे, तर सकाळी चालू होता यावे एवढ्यासाठी. ज्या उपकरणाला ती पुरविली जाते त्याला तेथील बोलीत 'ब्लॉक हीटर' असे म्हणतात.

तांत्रिक संज्ञांच्या अभ्यासकाने या उपकरणाकडे लक्ष द्यावे याला एक कारण आहे. त्याचे मूळ नाव, त्याची जुनी नावे, ते ज्या भोकात बसविले जाते त्या भोकाचे नाव आणि ते ज्या द्रवाला तापविते त्या द्रवाचेही नाव, यांपैकी जवळजवळ प्रत्येक नाव काहीतरी चुकीचे सांगते. एरवी अशा चुका निरुपद्रवी असतात. उणे तीस अंशांत, वस्तीपासून दूर, नावावर विसंबून राहणाऱ्या माणसाचे मात्र प्राणांवर बेतू शकते. म्हणून उपकरणाचे कार्य आधी समजून घेणे आणि मग नावांकडे वळणे युक्त होईल.

डिझेल इंजिन थंडीला इतके का बिचकते हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. विहिरीवरील 'ऑइल इंजिन' म्हणजे डिझेल इंजिनच होय. किर्लोस्करांच्या पुण्यातील कारखान्यापासून (१९४६) ते गावोगाव पोहोचले. हँडल मारून ते चालू करताना आधी एक छोटा दांडा उचलून सिलिंडरातील दाब मोकळा सोडतात, चाकाला गती आली म्हणजे दांडा पाडतात, आणि त्या क्षणी दाबलेली हवा तापून इंजिन धडधडू लागते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. येथे ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेलच्या यंत्राचे सारे मर्म यातच आहे, की हवा पुरेशी दाबली असता ती इतकी तापते की तीत सोडलेले इंधन आपोआप पेट घेते. हवेचे आकारमान साधारणतः एक-षोडशांशापासून एक-विसांशापर्यंत कमी केले जाते.

आता या दाबण्याच्या क्रियेत तापमान ठराविक अंशांनी वाढत नाही, ते ठराविक पटीने वाढते, आणि ही पट निरपेक्ष तापमानाची असते. ही गोष्ट ध्यानात घेतली नाही तर थंडीचा परिणाम नेहमी कमी लेखला जातो. स्थूल हिशेब करावयाचा तर, आकारमान अठरा पटींनी कमी होत असता आणि काही उष्णता भिंतींत मुरते असे धरले असता, निरपेक्ष तापमान सुमारे २.४ पट होते. बाहेरची हवा २० अंश सेल्सिअस असेल तर दाबाच्या अखेरीस ती सुमारे ४२० अंशांवर जाते. तीच हवा उणे ३० अंशांवरून निघाली तर ३०० अंशांच्या आसपासच थांबते. आरंभीचा पन्नास अंशांचा तोटा शेवटी एकशेवीस अंशांचा होतो. शिवाय थंड इंजिन हळू फिरते. हवेला भिंतींशी उष्णता गमावण्यास अधिक वेळ मिळतो, म्हणून प्रत्यक्षातील तोटा या हिशेबाहूनही मोठा असतो. इंधन मग पेटत नाही. पांढऱ्या धुराच्या रूपाने नुसते बाहेर पडते.

इंजिन हळू का फिरते, याची दोन कारणे. एक बॅटरी. उणे अठरा अंशांच्या सुमारास शिशाच्या बॅटरीची ताकद निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. दुसरे वंगण. डिझेल वाहनांत वर्षानुवर्षे वापरले जाणारे १५-डब्ल्यू-४० हे तेल उणे वीस अंशांपर्यंतच इंजिन फिरू देण्याइतके पातळ राहील अशी हमी त्या संज्ञेत आहे. तिच्या खाली ते काकवीसारखे दाटते. या संज्ञेतील 'डब्ल्यू' हे अक्षर इंग्रजीतील हिवाळा या शब्दाचे आद्याक्षर आहे. ते वजनाचे आहे अशी समजूत आपल्याकडे आणि इंग्रजीभाषक देशांतही सर्रास आढळते. संज्ञेचा आधार घेऊनच संज्ञेचा गैरसमज कसा रुजतो याचे हे एक चांगले उदाहरण होय.

विजेच्या सोयीपूर्वी यावर जे उपाय होते ते कष्टाचे होते. कॅनडाच्या उत्तरेकडील विमानचालक रात्री इंजिनातील तेल काढून मुक्कामाच्या जागी आत नेत, सकाळी ते चुलीवर तापवून परत ओतीत, आणि इंजिनावर कनातीचे आच्छादन घालून खाली स्टोव्ह पेटवीत. मालमोटारींचे चालक रात्रभर इंजिन चालूच ठेवीत. मोठ्या मालमोटारीत याची किंमत तासाला सुमारे तीन लिटर डिझेल इतकी पडते. ही सवय अद्याप सर्वत्र सुटलेली नाही.

ब्लॉक हीटर हा या सर्वांपेक्षा साधा तोडगा आहे. पाणी तापविण्याच्या बादलीत सोडतात तशीच, पण बोटभर लांबीची एक विद्युत्-सळई इंजिनातील शीतक द्रवात बुडेल अशी बसविलेली असते. लहान मोटारींत तिची शक्ती ४०० वॅटपासून असते, डिझेल पिकअपमध्ये ७५० ते १००० च्या आसपास आणि मोठ्या मालमोटारींत १५०० वॅटपर्यंत. पंप वगैरे काही नसते. तापलेला द्रव हलका होऊन वर चढतो, थंड द्रव खाली उतरतो आणि या संथ अभिसरणाने सिलिंडरांभोवतीचे लोखंड, वरचे हेड व काही अंशी खालचे तेल ऊब धरते. म्हणजे हे उपकरण 'ब्लॉक'ला थेट तापवीत नाही. ते द्रवाला तापविते आणि द्रव ब्लॉकला. हा भेद शाब्दिक कीस काढण्यासाठी सांगितलेला नाही. द्रव नसेल किंवा सळईभोवती हवेची पोकळी राहिली असेल तर सळई काही मिनिटांत जळून जाते. शीतक बदलल्यानंतर, इंजिन चालवून आतली हवा काढून टाकण्यापूर्वीच रात्री प्लग लावणारे लोक याच कारणाने उपकरण गमावतात. नावात ब्लॉक आहे, ब्लॉक तर जागेवरच आहे, मग बिघडले काय, असा त्यांचा तर्क असतो.

द्रवाच्या नावाची तऱ्हा आणखी मौजेची आहे. त्याला इंग्रजीत 'कूलंट' म्हणतात व आपण 'शीतक' म्हणतो. येथे त्या शीतकाचे काम तापविण्याचे आहे. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकोल असे त्याचे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. हीटर असला म्हणजे मिश्रणाचे प्रमाण सांभाळण्याची गरज उरत नाही असे मानणे धोक्याचे आहे. वीज गेली त्या रात्री ब्लॉक फुटावयाचा तो फुटतोच.

आता भोकाची गोष्ट. पुष्कळ इंजिनांत ही सळई ब्लॉकच्या बाजूच्या एका वाटोळ्या भोकात बसवितात. एरवी त्या भोकावर बशीच्या आकाराची पत्र्याची टोपी ठोकलेली असते. तिला कॅनडात 'फ्रॉस्ट प्लग' आणि संयुक्त संस्थानांत 'फ्रीझ प्लग' म्हणतात. पाणी गोठून फुगले तर ही टोपी निखळून पडावी व ब्लॉक वाचावा, यासाठीच निर्मात्याने ती ठेवली आहे, असे स्पष्टीकरण अनुभवी कारागीरही छातीठोकपणे देतात. ते खरे नाही. ब्लॉक ओतताना त्यात पाणी खेळण्यासाठी पोकळ्या ठेवाव्या लागतात. त्यासाठी साच्यात वाळूचे आकार ठेवतात, ज्यांना कोल्हापूरच्या ओतशाळांतही 'कोअर' असेच म्हणतात. हे आकार साच्यात तोलून धरण्यासाठी आणि ओतकाम झाल्यावर आतली वाळू काढण्यासाठी भोके लागतात. काम संपले की ती बुजविली जातात. 'कोअर प्लग' हे त्यांचे यथार्थ नाव. बर्फाच्या दाबाने टोपी कधी निखळतेही. परंतु टोपी जागेवर राहून ब्लॉकच तडकल्याची उदाहरणे कमी नाहीत. नामसादृश्यावरून कारण कल्पिण्याची ही प्रवृत्ती लोकव्युत्पत्तीहून वेगळी नाही. याच टोपीला ब्रिटनमध्ये 'वेल्श प्लग' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वेल्स देश आठवतो. शब्दाचे मूळ मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीच्या 'वेल्च' नावाच्या अमेरिकी मोटार कंपनीत आहे.

उपकरणाचे जुने नाव याहून उद्बोधक आहे. नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्स येथील अँड्रू फ्रीमन हे ग्रामीण वीजपुरवठ्याच्या सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते. त्यांनी इंजिनाचे हेड आवळून धरणाऱ्या बोल्टांपैकी एक काढून त्याच्या जागी आतून तापणारा पोकळ बोल्ट बसविण्याची युक्ती काढली. तिचे एकस्व त्यांना नोव्हेंबर १९४९ मध्ये मिळाले. तिला 'हेड-बोल्ट हीटर' हे नाव पडले व ते अगदी यथातथ्य होते. बोल्टाच्या जागी सळई हा प्रकार पुढे मागे पडला. द्रवात बुडणारी सळई अधिक कार्यक्षम ठरली. तथापि अलास्कात आजही वाहनतळावरील सॉकेटाला 'हेड-बोल्ट'चे सॉकेट म्हणतात. त्या मोटारींत तसा बोल्ट असण्याचा संभव जवळजवळ नाही. वस्तू गेली तरी नाव राहते, हा भाषेचा नेहमीचा व्यवहार होय. स्वीडिशमधील 'मोतोर-व्हॅर्मारे', म्हणजे 'इंजिन ऊबवणारे', हे नाव या दृष्टीने शहाणपणाचे म्हटले पाहिजे. ते कोणत्याही भागाचा उल्लेख करीत नाही, म्हणून रचना बदलली तरी खोटे ठरत नाही.

वापराविषयी सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न वेळेचा आहे. प्लग रात्री झोपताना लावावा आणि सकाळी काढावा, ही रूढ पद्धत. तिच्यात निष्कारण खर्च आहे. समजा, लोखंडी इंजिन ५०० किलो वजनाचे आहे, त्यात २५ लिटर शीतक आहे आणि सळई १००० वॅटची आहे. तीन तासांत तीन युनिट वीज खर्च होते. उष्णता बाहेर मुळीच गेली नाही असे मानले तर एवढ्या विजेने सारे वस्तुमान ३० ते ३५ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात उष्णता सतत निसटत असते, आणि इंजिन जो जो तापते तो तो अधिक निसटते. अखेर जितकी आत येते तितकीच बाहेर जाते आणि तापमान तेथेच खिळते. मध्यम आकाराच्या इंजिनात ही अवस्था साधारणतः तीन-चार तासांत येते. उरलेला वेळ केवळ अंगण तापविले जाते. म्हणून घड्याळी स्विच लावून निघण्याच्या वेळेपूर्वी पेट्रोल मोटारीस सुमारे दोन तास व मोठ्या डिझेलला तीन-चार तास वीज द्यावी, हेच योग्य. काटकसरी लोक रेडिएटरपुढे आच्छादन बांधून ही ऊब आणखी टिकवितात. ते रस्त्यावर किती झाकावे हे निर्मात्याच्या सूचनेनुसार ठरवावे.

वायरीविषयी येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. उत्तर अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असल्यामुळे १००० वॅटची सळई आठ अँपिअरहून अधिक प्रवाह घेते. आपल्याकडील २३० व्होल्टवर तोच आकडा साडेचारच्या खाली असता. घरातल्या दिव्यासाठी आणलेली बारीक जोडवायर इतका भार तासन्‌तास वाहू शकत नाही. ती तापते, तिचे आवरण कडाक्याच्या थंडीत आधीच कडक होऊन तडकलेले असते, आणि आग लागण्याचे प्रसंग उद्भवतात. जाड, बाहेरच्या हवेसाठी बनविलेली, जमिनीशी जोडणारी तिसरी तार असलेली वायरच वापरावी लागते. गाडी हलविण्यापूर्वी प्लग काढण्याचे विस्मरण तर इतके सार्वत्रिक आहे की वायर खांबासकट ओढून नेल्याच्या हकिकती त्या प्रदेशांतील विनोदाचा कायमचा विषय झाल्या आहेत. सळई चालू आहे की नाही हे ओळखण्याचा एक जुना मार्ग म्हणजे प्लग लावल्यावर कान देणे. द्रवाचा बारीक सूं-सूं आवाज आला तर काम चालू समजावे. आवाज आला नाही तर वायरीतील रोध मापकाने पाहावा. १२० व्होल्टवरील १००० वॅटच्या सळईचा रोध १४ ओहमांच्या आसपास असतो.

एवढे सारे यथास्थित केल्यावरही एक संकट शिल्लक राहते, आणि वर म्हटलेला प्राणांवरचा धोका तो हाच. डिझेलमध्ये मेणासारखे घटक विरघळलेले असतात. तापमान पुरेसे उतरले की ते स्फटिकरूपाने वेगळे होतात, इंधन गढूळ दिसू लागते आणि पुढे फिल्टरच्या बारीक छिद्रांत ते स्फटिक दाटून प्रवाह थांबतो. ब्लॉक हीटरचा या घटनेशी काहीही संबंध नाही. टाकी मागे आहे, नळी गाडीच्या पोटाखालून उघड्यावर आहे. सळईची ऊब तेथवर पोहोचत नाही. यातील खरा घात असा की गरम केलेले इंजिन पहिल्याच फेऱ्यात चालू होते, फिल्टर व नळीत असलेल्या इंधनावर गाडी काही अंतर जाते आणि मग उघड्या माळावर बंद पडते. जे इंजिन घरीच चालू झाले नसते ते मालकाला घरीच ठेवते. हीटरने त्याला घराबाहेर काढलेले असते. म्हणून अशा प्रदेशांत हिवाळ्यासाठी निराळे डिझेल विकतात, ज्यात मेणाचा अंश कमी असतो. आणि शहाणा चालक उन्हाळ्यात भरलेली टाकी पहिल्या थंडीपूर्वी संपवितो.

भारतात हा प्रश्न लडाखमध्ये प्रत्यक्ष उभा राहतो. तेथील चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळून वेळ निभावून नेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल लडाखसाठी पुरवावयास आरंभ केला. ते पानिपतच्या शुद्धीकरण केंद्रात तयार होते. लेहमध्ये नेमणुकीवर असलेल्या किंवा मालमोटार घेऊन गेलेल्या मराठी माणसाला या दोन उपायांतील फरक कळणे आवश्यक आहे : एक इंजिनासाठी, दुसरा इंधनासाठी, आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

परंतु हा फरक मराठीत सांगू जाता एक अडचण येते. आपल्या गॅरेजांत 'हीटर' हा शब्द डिझेल गाडीच्या संदर्भात आधीच गुंतलेला आहे. जुन्या जीपच्या चालकाला 'हीटर' म्हटले की चावी अर्धी फिरवून काही क्षण थांबणे आठवते. त्यानंतर 'सेल्फ' मारावयाचा. येथे अभिप्रेत असतो तो 'हीटर प्लग', इंग्रजीतील 'ग्लो प्लग'. त्याचे टोक प्रत्यक्ष सिलिंडरात असते, ते बॅटरीवर काही सेकंदांत लालभडक होते आणि इंधनाला पेटण्यास जागा देते. ब्लॉक हीटर घरच्या विजेवर चालतो, तासांनी काम करतो, आणि त्याची उष्णता पाण्यावाटे येते. एक ठिणगीची जागा भरून काढतो, दुसरा हवामान बदलतो असे म्हटले तरी चालेल. त्यात आसनांजवळ ऊब देणारा तिसरा हीटर आहेच. आणि 'प्लग' म्हणाल तर ठिणगीचा, तापण्याचा, भोकाचा व भिंतीतल्या सॉकेटाचा असे चार होतात. 'हीटरचा प्लग लाव' या साध्या वाक्याचे किमान तीन अर्थ संभवतात.

अशा स्थितीत नवा संस्कृत शब्द घडविण्याचा मोह होतो. 'ठोकळा-तापक' असे शब्दशः भाषांतर केले तर मूळ नावातील चूक मराठीत कायमची होईल, हे वरील विवेचनावरून दिसून येते. 'शीतक-तापक' हा शब्द क्रियेच्या दृष्टीने अचूक आहे. मात्र उच्चारताच विसंगत वाटतो आणि कोणी वापरील अशी आशा नाही. 'इंजिन-ऊबक' हे स्वीडिश धर्तीवरचे नाव त्यातल्या त्यात बरे. तरीही पाठ्यपुस्तकात 'ब्लॉक हीटर' हा उसना शब्दच पूर्ण रूपाने ठेवणे, आणि 'हीटर' असा लघु उल्लेख कटाक्षाने टाळणे, हे अधिक व्यवहार्य होय. चुकीचे पण परके नाव वाचकाला निदान विचारावयास लावते. चुकीचे पण ओळखीचे नाव विचारू देत नाही.

कॅनडाच्या त्या मैदानी प्रांतांत 'गाडी प्लग केली का?' या प्रश्नाचा अर्थ दोन पिढ्या एकच होता. विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्यापासून तोच प्रश्न बॅटरी भरण्याविषयीही विचारला जाऊ लागला आहे, आणि कोणत्या अंगणात कोणता अर्थ घ्यावयाचा हे आता गाडी पाहून ठरवावे लागते.